मॅस्टोडॉन विकत घेता येत नाही, मग भीती कसली?

नोव्हेंबर २०२५ मध्ये मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या सोशल नेटवर्कचा जनक ऑयगन रोच्को याने मुख्य कार्यकारी पद सोडलं. जाताना त्याने मॅस्टोडॉन या नावाचा ट्रेडमार्क आणि स्वतःच्या हातात असलेली बाकीची मालमत्ता एका ना-नफा संस्थेच्या नावे करून दिली. आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. ज्यांनी वाचली, त्यांना मात्र एक साधा प्रश्न पडला असणार: मॅस्टोडॉनला मालक नाही, ते कुणाच्याच ताब्यात नाही, असं तर आजवर सगळे सांगत आले. मग हा गृहस्थ नावावर करून देतोय ते काय?

प्रश्न रास्त आहे. ‘मालक नसलेलं’ सोशल नेटवर्क जवळून पाहायला गेलं की बऱ्याच ठिकाणी मालकी सापडते. कुठे नावाची, कुठे पत्त्याची, कुठे नुसत्या गर्दीची. आणि बड्या कंपन्यांना आत शिरायला तेवढी फट पुरते.

## फेडिव्हर्स म्हणजे नेमकं काय

जीमेलवाल्याने रेडिफमेलच्या पत्त्यावर मेल टाकली तर ती पोचते. कंपन्या वेगळ्या, यंत्रणा वेगळी, पण मेल कशी पाठवायची आणि कशी स्वीकारायची याचे नियम सगळ्यांनी एकच मानलेले आहेत. अशा नियमांच्या संचाला प्रोटोकॉल म्हणतात. फेसबुक आणि एक्स यांच्यात असं काही नाही. फेसबुकवर बसून एक्सवरच्या माणसाला फॉलो करता येत नाही, कारण ते करू देण्यात दोघांचाही फायदा नाही.

सोशल मीडियालाही असे सामायिक नियम असावेत, ही कल्पना जुनी आहे. तिला पक्कं रूप आलं जानेवारी २०१८ मध्ये. वेबचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तेव्हा ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलवर शिक्कामोर्तब केलं. हे नियम पाळून एकमेकांशी बोलणाऱ्या हजारो सर्व्हरांच्या, म्हणजे लोकांची खाती आणि पोस्टी सांभाळणाऱ्या संगणकांच्या, जाळ्याला फेडिव्हर्स म्हणतात. त्यात ट्विटरच्या वळणाचं मॅस्टोडॉन आहे, फोटोंसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओंसाठी पीअरट्यूब, रेडिटसारख्या चर्चांसाठी लेमी. एकट्या मॅस्टोडॉनचेच हजारो सर्व्हर आहेत. एखादा विद्यापीठाचा, एखादा कुठल्याशा शहरातल्या हौशी मंडळींचा, एखादा एकाच माणसाने पदरमोड करून चालवलेला. म्हणून इथल्या पत्त्यात ॲटचं चिन्ह दोनदा येतं: एकदा तुमच्या नावाआधी, एकदा सर्व्हरच्या नावाआधी.

प्रत्येक सर्व्हरचे नियम त्याचे त्याने ठरवलेले. शिवीगाळ, स्पॅम, द्वेषाच्या पोस्टी काढून टाकायला त्याची त्याची माणसं, बहुतेक ठिकाणी बिनपगारी. आणि दुसऱ्या एखाद्या सर्व्हरशी अजिबात संबंध नको असेल तर तो संपूर्णच्या संपूर्ण ब्लॉक करण्याचा अधिकारही प्रत्येकाला आहे. हा अधिकार पुढे बराच कामाला येणार आहे.

आकारमानाचाही अंदाज असू द्या. ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर घेतलं. पुढच्या काही आठवड्यांत मॅस्टोडॉनवर महिन्याला सक्रिय असणाऱ्यांची संख्या २५ लाखांच्या घरात गेली आणि मग ओसरली. आता ती त्याच्या निम्म्याहून कमी असते. फेसबुकवाल्यांच्या हिशेबात ही संख्या धरलीही जाणार नाही.

## सॉफ्टवेअरच उचलून नेलं तर?

ही शंका सगळ्यात आधी येते आणि हिचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. नेऊ द्या. मॅस्टोडॉनचं सॉफ्टवेअर मुक्त आहे, कुणीही घ्यावं आणि चालवावं. अट एकच: त्यात बदल करून सेवा चालवलीत, तर बदललेला कोडही लोकांना खुला करायचा.

ही अट नुसती कागदावर नाही, याचा दाखला २०२१ मध्ये मिळाला. डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीचं ट्रुथ सोशल मॅस्टोडॉनच्या कोडवर बेतलेलं निघालं आणि कोड काही खुला केलेला नव्हता. मॅस्टोडॉनने कायदेशीर पत्र धाडलं, त्यानंतर कोड बाहेर आला. त्याआधी २०१९ मध्ये अतिउजव्यांचा अड्डा म्हणून ओळखलं जाणारं गॅब मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं होतं. खातेदारांच्या संख्येने ते बाकीच्या सर्व्हरांना भारी पडावं असं होतं. पण एकामागून एक सर्व्हरांनी त्याला ब्लॉक केलं, काही मोबाइल ॲपांनीही दार बंद केलं, आणि गॅब त्याच्या त्याच्या बेटावर राहिलं. तेव्हा कुणी कोर्टात गेलं नाही, कुणाच्या परवानगीचीही गरज पडली नाही.

तेव्हा कोड चोरीला जाण्याची काळजी करण्यात अर्थ नाही. मालकी कोडमध्ये नसतेच.

## मालकी कुठे दडलेली असते

फ्रीनोडची गोष्ट या विषयात प्रत्येकाने वाचावी अशी आहे. आयआरसी ही इंटरनेटवरची जुनी गप्पांची पद्धत. फ्रीनोड हे तिच्यावरचं सगळ्यात नावाजलेलं जाळं होतं. उबुंटू, विकिमीडिया, फेडोरा अशा मोठमोठ्या मुक्त प्रकल्पांची रोजची बोलणी तिथे चालत. चालवणारे सगळे स्वयंसेवक. सर्व्हरही देणगीदारांनी दिलेले.

फक्त एक छोटीशी गोष्ट होती: फ्रीनोड लिमिटेड नावाची एक कंपनी कागदावर होती, आणि २०१७ मध्ये ती अँड्र्यू ली या उद्योजकाच्या हाती गेली. (हेच गृहस्थ पुढे २०१८ मध्ये कोरियाच्या केव्हाच संपुष्टात आलेल्या राजघराण्याचे युवराजही झाले, पण ती कथा वेगळी.) रोजच्या कामात याने काहीच फरक पडणार नाही, अशी स्वयंसेवकांची समजूत होती. चार वर्षं पडलाही नाही. मग मे २०२१ मध्ये हुकूम कुणाचा चालणार यावरून वाजलं. ली यांचं म्हणणं, कायदेशीर मालक मी. स्वयंसेवकांचं म्हणणं, जाळं चालवतो आम्ही. १९ मे रोजी स्वयंसेवकांनी घाऊक राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट नावाचं नवं जाळं उभं केलं. आठवडाभरात फ्रीनोडवर एक प्रकार झाला: ज्या चॅनेलांच्या माहितीत लिबेराचा उल्लेख होता, अशी शेकडो चॅनेलं ज्यांची होती त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. जे अजून जावं की राहावं या विचारात होते, त्यांचा विचार तिथेच पक्का झाला. उबुंटू गेलं, विकिमीडिया गेलं, फेडोरा गेलं.

या भांडणात कुणाच्या हाती काय लागलं ते बघा. मालकाला नाव मिळालं, डोमेन मिळालं, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता मिळाला. माणसं मिळाली नाहीत. माणसांना बाहेर पडणं जमलं, कारण सॉफ्टवेअर मुक्त होतं, ते चालवण्याची विद्या स्वयंसेवकांकडेच होती आणि बाहेर पडायला काही आठवडे पुरले. लिबेराने पहिलं काम काय केलं असेल तर स्वीडनमध्ये ना-नफा संघटना म्हणून नोंदणी. ठेच लागल्यावरच आलेलं शहाणपण, पण आलं.

आता रोच्कोच्या सहीचा अर्थ लागतो. मॅस्टोडॉन हे नाव एका माणसाच्या हातात होतं, तोवर त्या माणसाचा विचार बदलण्याची, तो कर्जात बुडण्याची किंवा त्याच्यामागे वारसांत तंटा होण्याची शक्यता होतीच. तो स्वतः मोहाला बळी पडणारा नव्हता. २०२२ च्या लाटेत गुंतवणूकदार पैसे घेऊन दारात उभे असताना त्याने त्यांना परत पाठवलं होतं. पण चांगला माणूस खुर्चीत आहे, ही काही व्यवस्था झाली नाही. आणि संस्थेलाही जपावं लागतं: जर्मनीतल्या मूळ मॅस्टोडॉन संस्थेचा ना-नफा दर्जा २०२४ मध्ये तिथल्या करखात्याने काढून घेतला आणि सगळी घडी नव्याने बसवावी लागली.

हे झालं नावाचं. एकेका सर्व्हरची मालकी याहून हलकी असते. जपानमधला पावू हा सर्व्हर २०१७ मध्ये पिक्सिव या चित्रकारांच्या संकेतस्थळाने सुरू केला आणि बघता बघता तो जगातल्या सगळ्यात मोठ्या मॅस्टोडॉन सर्व्हरांत गेला. २०१९ च्या अखेरीस तो एका कंपनीकडे गेला, डिसेंबर २०२२ मध्ये मास्क नेटवर्क या क्रिप्टोवाल्या कंपनीकडे. दोन्ही वेळा व्यवहार वरच्या वर झाला. तिथे खाती असलेल्या चित्रकारांना सातबारा बदलल्याची वर्दी तेवढी मिळाली.

पत्त्याचं तर त्याहून विचित्र. क्वीअर डॉट एएफ नावाचा एक सर्व्हर होता. एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन. नाव इंग्रजीत गमतीशीर वाचलं जातं म्हणून घेतलेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारच्या खात्याने ते डोमेन बंद केलं आणि समलैंगिकांचा तो सर्व्हर एका दिवसात बेपत्ता झाला. सर्व्हरचं यंत्र शाबूत, माहिती शाबूत, स्वयंसेवक शाबूत. पत्ता गेला, म्हणून सगळं गेलं.

## विकत न घेताही संपवता येतं

नाव आणि पत्ता सांभाळले म्हणजे भागलं असंही नाही. पुढची युक्ती गावाकडच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. गावात सहकारी दूध सोसायटी आहे. सभासद गावातलेच, दर बेताचा, दिवाळीला फरक. एक खासगी डेअरी येते, संकलन केंद्र टाकते आणि लिटरमागे दोन रुपये जास्त देते. कुणावर जबरदस्ती नाही. लोक दूध तिकडे घालू लागतात, त्यात चूक काही नाही, पोटाचा प्रश्न आहे. सोसायटीचं संकलन निम्म्यावर येतं, वाहतुकीचा खर्च तेवढाच राहतो, सचिवाचा पगार थकतो, एक दिवस कुलूप लागतं. त्यानंतर डेअरीचा दर कोण ठरवणार? डेअरीच. फॅट कमी लागली म्हणून कापून घेतलं तरी दूध दुसरीकडे कुठे घालणार? सोसायटी कुणी विकत घेतली नाही. तिच्याकडे जाण्याचं कारण तेवढं काढून घेतलं.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात या डावाला इंग्रजीत तीन क्रियापदांचं नाव आहे: कवटाळा, वाढवा, विझवा. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर अमेरिकी सरकारने चालवलेल्या खटल्यात इंटेलच्या एका उपाध्यक्षाच्या साक्षीत हे शब्द आले आणि तेव्हापासून रूढ झाले. खुला निकष आधी आपलासा करायचा, मग त्यात आपल्यापुरत्या सोयी घालायच्या, आणि सगळे त्या सोयींवर विसंबले की मूळ निकष सोडून द्यायचा.

फेडिव्हर्सवाले या संदर्भात नेहमी गूगल टॉकचं उदाहरण देतात. जॅबर नावाची खुली चॅटपद्धत १९९९ पासून होती. तिच्या प्रोटोकॉलचं नाव एक्सएमपीपी. गूगलने २००५ मध्ये तोच प्रोटोकॉल घेऊन गूगल टॉक काढलं आणि २००६ च्या जानेवारीत बाहेरच्या सर्व्हरांसाठी दार उघडलं. जॅबरवाल्यांना आनंद झाला. एका रात्रीत कोट्यवधी माणसं आपल्या जाळ्यात आली! पण थोड्याच दिवसांत चित्र उलटं दिसू लागलं: जॅबरवाल्यांचे बहुतेक मित्र गूगलवर होते, गूगलवाल्यांचे जवळपास कुणीच बाहेर नव्हते. मग गूगल जे करणार नाही ते बाकीच्यांनाही करता येईना. सर्व्हर-सर्व्हरमधलं बोलणं एन्क्रिप्ट करायचं, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही असं करायचं, हे बाकीच्यांच्या मनात होतं. गूगलच्या सर्व्हरला ते चालत नव्हतं. सक्ती करावी तर अर्ध्याअधिक ओळखी तुटणार. २०१३ मध्ये गूगलने गूगल टॉकच्या जागी हँगआउट्स आणलं आणि बाहेरच्यांशी बोलण्याची सोय त्यात ठेवलीच नाही. मग २०१४ मध्ये बाकीच्या सर्व्हरांनी एन्क्रिप्शनची सक्ती एकदाची केली.

इथे माझं मत जरा वेगळं आहे. गूगलने एक्सएमपीपीचा खून केला, असं मी म्हणणार नाही. गूगल यायच्या आधीही ते लहानच होतं, आणि ते आजही जिवंत आहे. तुमच्या हातातलं व्हॉट्सॲप त्याच प्रोटोकॉलची मोडतोड करून उभं राहिलं, फक्त त्याने बाहेरच्यांसाठी दार स्वतःहून कधी ठेवलंच नाही. पण सात वर्षं एका खुल्या जाळ्याची वाढ एकाच पाहुण्याच्या मर्जीवर टांगून राहिली, आणि तो उठून गेला तेव्हा घरात काय उरलं ते सगळ्यांनी पाहिलं.

## थ्रेड्स आलं तेव्हा

जुलै २०२३ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने थ्रेड्स हे ट्विटरसारखं ॲप सुरू केलं. पाच दिवसांत १० कोटी खाती. आपण ॲक्टिव्हिटीपबशी जोडून घेणार असल्याचं मेटाने सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्याआधी जूनमध्ये मेटाच्या माणसांनी काही मोठ्या सर्व्हरांच्या चालकांना बोलणीसाठी निमंत्रण पाठवलं. अट अशी की चर्चा गुप्त राहील. फॉसटोडॉन या सर्व्हरच्या चालकाने नकार दिला आणि तो जाहीरही केला. पाठोपाठ फेडिपॅक्ट नावाची मोहीम निघाली, आणि शेकडो चालकांनी मेटाला पहिल्या दिवसापासून ब्लॉक करण्याचं वचन सह्यांनिशी दिलं.

प्रत्यक्षात आलं ते इतकं भव्य नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये चाचणी, मार्च २०२४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि जपानमधल्या लोकांना सोय. तीही ज्याने सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू केली त्यालाच. थ्रेड्सवरची पोस्ट बाहेर जायला काही मिनिटं लागतात. बाहेरची उत्तरं सुरुवातीला थ्रेड्सवर दिसतच नव्हती. २०२५ च्या जूनमध्ये फेडिव्हर्सच्या पोस्टींसाठी थ्रेड्सने एक वेगळा कप्पा काढला. मुख्य फीडमध्ये त्या मिसळल्या नाहीत. पंगतीत पान मांडलं, पण ओटीवर.

## ‘मग सरळ ब्लॉक का करत नाहीत?’

बरेच करतात. पण ब्लॉक केल्याने काय साधतं आणि काय साधत नाही, हे वेगळं केलं पाहिजे. मेटाला तुमच्या जाहीर पोस्टी वाचता येऊ नयेत म्हणून ब्लॉक करत असाल, तर उपयोग जवळपास शून्य. जाहीर पोस्ट कुणीही, कधीही गोळा करू शकतो, त्याला थ्रेड्स काढायची गरज नाही. तिकडून येणारी ट्रोलांची झुंड आपल्या तीन-चार स्वयंसेवकांना आवरणार नाही म्हणून ब्लॉक करत असाल, तर कारण पक्कं आहे.

दुसरी बाजूही आहे. ज्याचा भाऊ, मैत्रीण, ऑफिसातली माणसं थ्रेड्सवर आहेत, त्याला ब्लॉक करणाऱ्या सर्व्हरवर करमणार नाही. तो उठून थ्रेड्सवरच जाईल. मॅस्टोडॉन डॉट सोशल या सगळ्यात मोठ्या सर्व्हरने म्हणूनच दार उघडं ठेवलं. मला यात सगळ्यांनी एकच धोरण घ्यावं असं वाटत नाही. काही सर्व्हर बंद, काही उघडे, ही विसंगती वाटली तरी तीच जमेची बाजू आहे: पाहुणा उद्या उठून गेला, तर सगळी घरं एकदम रिकामी होणार नाहीत.

खरी चिंता मला मॅस्टोडॉन डॉट सोशलची वाटते. नवा माणूस ॲप उघडतो, सर्व्हर निवडा म्हटल्यावर गोंधळतो आणि समोर पहिलं दिसेल ते बटण दाबतो. त्यामुळे मोठा सर्व्हर आणखी मोठा होतो. ईमेलचं काय झालं ते आठवा. प्रोटोकॉल आजही खुला आहे, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी नवे नियम लावले आणि जगभरच्या मेलवाल्यांना निमूट सेटिंग बदलावी लागली. ते नियम स्पॅम रोखायला चांगलेच होते. मुद्दा एवढाच की ते ठरवताना बाकीच्यांना विचारायची गरज त्या दोघांना पडली नाही.

## ‘ब्लूस्काय आहे की’

आहे, आणि वापरायला सोपंही आहे. ट्विटरसारखंच हे नेटवर्क ट्विटरच्याच पोटात २०१९ मध्ये ठरलेल्या प्रकल्पातून निघालं आणि वेगळा प्रोटोकॉल वापरतं. त्यात खातं दुसरीकडे हलवण्याची रचना मॅस्टोडॉनपेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवं. पण आज बहुसंख्य लोक एकाच कंपनीच्या यंत्रणेवर आहेत, आणि त्या कंपनीने २०२४ मध्ये दीड कोटी डॉलरचं भांडवल गुंतवणूकदारांकडून उचललं. गुंतवणूकदार देणगी देत नाहीत. बाहेर पडायचं दार बांधलेलं आहे. पण बाहेर पुरेशी घरं उभी राहीपर्यंत ते दार नकाशावरचंच.

## ‘फुकट राबणारे दमले की संपलं’

या आक्षेपाला माझ्याकडे चलाख उत्तर नाही, कारण तो खरा आहे. कंपनीने गिळण्याआधी सर्व्हर थकून मरण्याची शक्यता जास्त. फायरफॉक्सवाल्या मोझिलासारख्या संस्थेनेही आपला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. एकट्या माणसाचं तर विचारूच नका: बिल त्याचं, रात्री दोन वाजता आलेली तक्रार त्याची, शिव्याही त्यालाच. असा माणूस दमलेला असताना कुणी ‘सर्व्हर आमच्याकडे द्या, आम्ही बघतो’ म्हणत आला, तर तो हो म्हणेल. त्याला दोष कसा द्यायचा?

उपाय जुनाच आहे आणि महाराष्ट्राला तो नव्याने शिकवायला नको. सोशल डॉट कोऑप हा सर्व्हर २०१७ पासून सभासदांच्या वर्गणीवर चालतो आणि नियम मतदानाने ठरतात. कॅनडात कोसोशल नावाची रीतसर नोंदलेली सहकारी संस्था आहे, वर्षाची वर्गणी ५० डॉलर. विकायचं झालंच तर सभासदांना विचारावं लागेल. सहकारातही गट पडतात, सभा उधळतात, पॅनेलं होतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तरीही गुपचूप व्यवहार होऊन दुसऱ्या दिवशी मालक बदलला, हे तिथे अवघड जातं.

## ‘यात आपला काय संबंध?’

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. त्यावरच्या मराठी कम्युनिट्यांत कविता, वादावादी, गावागावांची मंडळं, परदेशात गेलेल्यांची विचारपूस असं काय काय होतं. गूगलला ते नको झालं, विषय संपला. मग कू आलं, देशी, मराठीतही चालणारं. मंत्री आले, सरकारी खाती आली. जुलै २०२४ मध्ये विकत घ्यायला कुणी सापडेना म्हणून तेही बंद. मालक देशी असला म्हणून जुन्या पोस्टींचं नशीब बदललं नाही.

मॅस्टोडॉनकडेही भारतीय एकदा लाटेने गेले होते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं, नाझी सलामीला नकार देणाऱ्या जर्मन माणसाच्या प्रसिद्ध छायाचित्रावरून सुरू झालेल्या वादात. रागावलेले कितीतरी जण मॅस्टोडॉनवर गेले. बरेचसे परतले, कारण भांडायला समोर कुणी नव्हतं! हसण्यावारी नेऊ नका. भांडण जिथे, तिथे गर्दी, आणि गर्दी जिथे, तिथून निघणं अवघड, हे गणित कंपन्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

कायद्याकडून फार अपेक्षा नको. युरोपच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने व्हॉट्सॲप आणि मेसेंजर यांना बाहेरच्या सेवांशी जोडून घ्यायला भाग पाडलं, पण ती सक्ती मेसेजिंगला आहे, सोशल नेटवर्कला नाही. आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांत ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्यांना जादा जबाबदाऱ्या आहेत, पण तक्रार अधिकारी नेमणं, २४ तासांत पोच देणं, ठरलेल्या मुदतीत निकाल लावणं हे लहानांनाही चुकत नाही. उद्या नाशिकच्या चार जणांनी सर्व्हर काढला तर नियमाच्या या ओळी त्यांच्यासाठीही आहेत. मेटाकडे त्यासाठी वकिलांची फौज असते.

## खातं उघडताना काय बघायचं

मॅस्टोडॉनमध्ये एक सर्व्हर सोडून दुसरीकडे जाता येतं. नव्या ठिकाणी खातं उघडायचं, जुन्याला तिकडचा पत्ता द्यायचा, तुमचे फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे वळतात. तुम्ही कुणाला फॉलो करता ती यादी फाइल म्हणून उतरवून घेता येते. जुन्या पोस्टी मात्र येत नाहीत, त्या मागेच राहतात, आणि ही या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव आहे. शिवाय हे सगळं जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच. तो आधीच बंद पडला तर कुणाला सांगणार, मी इकडे आलोय म्हणून?

त्यामुळे सर्व्हर निवडताना त्याचं माहितीचं पान वाचा. चालवणारे कोण, एकटा की मंडळ, खर्च कुठून येतो, हिशेब मांडलाय का. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं असेल तर सर्व्हरला द्वेषाच्या पोस्टी आवरण्याबरोबरच आणखी तीन गोष्टींची हमी द्यावी लागते: रोजचा बॅकअप, अडीअडचणीला किल्ली असलेला आणखी किमान एक माणूस, आणि बंद करायचं ठरलं तर तीन महिने आधी सूचना. या यादीबाहेरचे सर्व्हरही चांगले असू शकतात. त्यांच्या चालकाला हेच तीन प्रश्न मेसेज करून विचारा. उत्तर बहुधा त्याच दिवशी येतं, कारण विचारणारे फार नसतात.